शेळीच्या दाव्यापलीकडे

सुबाभळीची खोडे वीजकेंद्राच्या भट्टीसाठी ट्रकमध्ये भरून गेली, त्या दिवशी दत्तोबांनी बायकोला शब्द दिला होता, "वीस दिवसांत बुडख्यांना धुमारे फुटतील. नाही फुटले, तर सगळं रान खणून तुला मिरची लावून देतो."

आज एकविसावा दिवस होता. रान पुढे उताराला लागत असल्याने घरामागच्या बांधावरून पहिल्या ओळीच दिसत. आणि तिथले गुडघाभर उंचीचे, तिरपे छाटलेले बुडखे तोडले तसेच उघडे उभे होते.

"कुठं हाय तुमची पालवी?" हौसाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कुदळ काढू का?"

"काढ," म्हणत दत्तोबा तीन वर्षांच्या मेहनतीचा निरोप घ्यायला रानात उतरले. रान मोकळे झाल्यापासून हौसाबाई शेळीला तिथल्याच एका बुडख्याशी लांब दाव्याने बांधत. तिला वळसा घालून दत्तोबा पुढे गेले आणि थबकले. उतारावरच्या प्रत्येक बुडख्यावर वीतभर हिरवे कोंब डोलत होते. त्यांनी मागे वळून पाहिले. उघडे बुडखे होते ते फक्त दाव्याच्या लांबीएवढ्या गोलात.

"अगं, इकडं ये! तुझी पैज ही शेळी जिंकत होती!"

हौसाबाई आल्या, त्यांनी पाहिले आणि तोंडाला पदर लावून त्या हसतच सुटल्या. "तरीच मेली एवढं दूध द्याया लागली!"

त्या ओशाळून दावे सोडू लागल्या.

"राहू दे," दत्तोबा म्हणाले. "तेवढा गोल तिचा."