अंतरपाटाखालचे पाय

मालवणच्या भरतकामाच्या प्रदर्शनासाठी कावेरीने आपला सगळा जन्म चादरीवर भरला होता: माहेर, लग्न, दोन बाळंतपणं, एकटीने लावलेले माड. मुंबईच्या गिरणीतून चार दिवसांसाठी घरी आलेला नवरा लग्नाच्या चित्रापाशी अडला. तिथे अंतरपाटाखाली त्याचे नुसते पाय दिसत होते, पण नखांसकट हुबेहूब. "माजा तोंड खंय गो? लोक हसतले माका. अंतरपाट उसव, माका सगळो भर, नायतर ही चादर घराभायर जावची नाय!" कावेरीने शेवटचा दोरा दातांनी तोडला. "तुमी येतास तेवा पाया पडतंय, जातास तेवा पाया पडतंय. सोळा वर्सांत पायच पाठ झाले. तोंड ध्यानात रवण्याइतके घरात रवलास खंय?" सकाळी तो आगबोटीसाठी निघाला आणि सवयीने तिच्यापुढे पाय जुळवून उभा राहिला. चादर काखोटीला मारून ती न वाकता त्याच्याआधी उंबरा ओलांडून गेली.