लेखकाचा टॅग

सरांच्या पुस्तकाची मांडणी मी प्रेसच्या मालकांकडून मुद्दाम मागून घेतली होती.

पुस्तक लिहिलं होतं सरांच्या विद्यार्थ्यानं. तो वारला, फाइल सरांकडे राहिली. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"चारशे पानांच्या डोक्यावर त्याचं नाव आहे. तिथे माझं घालायला किती दिवस लागतील?"

"दिवस कसले, सर? फाइलच्या सुरुवातीला लेखकाच्या टॅगमध्ये एकदाच बदलायचं. सगळी पानं तिथूनच नाव उचलतात."

"इतकं सोपं?"

"इतकं सोपं."

"आणि ती अर्पणपत्रिका उडवा. 'माझ्या ताईला' म्हणे! कोण कुठली ताई!"

मी ती उडवली नाही, कॉमेंटच्या खुणांमध्ये टाकली. मजकूर फाइलमध्ये राहतो, फक्त छापला जात नाही.

शेवटच्या प्रुफावर सरांनी झोकात सही ठोकली. ते जिना उतरेपर्यंत मी टॅगमधलं नाव पुन्हा बदललं, कॉमेंटच्या खुणा काढल्या आणि फाइल छपाईला सोडली.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृहातूनच सरांचा प्रेसवर फोन आला. आवाज आता वर्गातला राहिला नव्हता.

"पानोपानी त्याचंच नाव! वर ती अर्पणपत्रिकासुद्धा! कोण बोलतंय तिकडे?"

"त्याची ताई."