आईच्या कोरल बेल्स

हेटीने डबा हातात घेण्याआधी त्याचा वास घेतला. डब्याला कॉफीचा वास होता, मातीला मातीचा. संशय घ्यावा असं त्यात काही नव्हतं. म्हणून तिचा संशय वाढला.

पायरीखाली तिची थोरली बहीण झेल्मा उभी होती. आईच्या दफनानंतर ती या अंगणात पहिल्यांदाच येत होती. दोघींची घरं एकाच दरीत, चर्चही एकच. बाक तेवढे वेगळे.

"कोरल बेल्स आहेत," झेल्मा म्हणाली. "आईच्या."

"दिसतंय. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

आईने मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे एवढंच एक झाड. जांभळट पानं, त्यांतून वर आलेले काडीसारखे दांडे, दांड्यांवर इवल्या तांबड्या घंटा. दफनानंतर बहिणींनी त्याचा गड्डा फावड्याने मधोमध कापून वाटून घेतला. हेटीचा वाटा गेल्या वर्षी कुजला. हिवाळ्यात माती गोठते आणि गड्डा वर ढकलते, तसा तो ढकलला गेला. हेटीने घाबरून तो गळ्यापर्यंत पुरला. कोरल बेल्सना डोकं मातीबाहेर लागतं. पुढे पाऊस लागला आणि विषय संपला. रिकाम्या जागेवर हेटीने बादली उपडी घातली. कुणाकडे अवाक्षर काढलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बादलीने. रस्त्यावरून दिसते."

हेटीने रोप डब्यातून काढून उलटं केलं. कोरल बेल्सच्या मुळांत पांढरी अळी लपते. ती खालून मुळं खाते, आणि वरची पानं शेवटपर्यंत काही कळू देत नाहीत. अशा एका रोपापायी अख्खा वाफा जातो. हेटीने नळाखाली मुळं धुतली. काडीने विंचरली. अळी नव्हती. कूज नव्हती. पानं तर निर्लज्जासारखी टवटवीत होती.

"उवा सापडल्या का?" झेल्माने विचारलं.

"बघतेय."

"बघ, बघ. चुलीवर काही ठेवून आले नाहीये मी."

हेटीने रोप परत डब्यात बसवलं, या वेळी गड्डा वर ठेवून. रोपात खोट नव्हती. म्हणजे ती आणणारीत होती.

"तुला नक्की काय हवंय, झेल्मा?"

"थँक्यू म्हण. मग जाते."

हेटीला हायसं वाटलं. सापडली एकदाची खोट. आमच्या केंटकीच्या डोंगरांत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की दिलेल्या रोपाचे आभार मानले तर रोप मरतं. माणसं रोप घेतात, "बरं" म्हणतात आणि पावसापाण्याचं बोलतात. बायबलबद्दल शंका असलेलेही इथे शंका घेत नाहीत.

"वा गं वा! इतक्या वर्षांनी उगवलीस, ती माझ्याच तोंडून रोप मारायला?"

"रोपाचे आभार कोण मागतंय?" झेल्मा म्हणाली. "आई अंथरुणात होती. मी तिला उचलत होते, पुसत होते, भरवत होते. तू रविवारी केक घेऊन यायचीस. केक चांगला असायचा, नाही म्हणत नाही. पण थँक्यू एकदाही म्हणाली नाहीस. ते मागतेय."

हेटीने डबा उचलला आणि ती घरामागे निघून गेली.

झेल्मा थांबली. नळ ठिबकत होता, तो तिने घट्ट बंद केला. मग अजून जरा थांबली. शेवटी गाडीकडे वळली. गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात मागून धापा ऐकू आल्या. हेटी येत होती. तिचे हात रिकामे होते.

"कोठारात ठेवून आले," ती म्हणाली. "दाराला कडी घातलीय. तिथून त्याला ऐकू येणार नाही."

तरीही तिने एकदा मागे वळून पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "थँक्यू, झेल्मा."