झिजलेली कड

राजाराणीच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून सराफी पेढीवर आमटी-भात वाढायच्या चांदीच्या पन्नास डावांचं काम आलं. डाव नवेच, पण दिसायला हवे होते पन्नास वर्षं वाढून वाढून झिजलेले. नव्याला जुनं करण्यात म्हाताऱ्या कारागिराचा हात धरणारं कुणी नव्हतं. वापरातला डाव एकाच कडेने झिजतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी वारलेल्या बायकोचा पितळी डाव त्याने घरून आणला, समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत महिनाभर कानस चालवली.

डाव राजवाड्यात गेले आणि आठवड्याच्या आत सगळेच्या सगळे परत आले.

"काका, घात केलात!" मालकाने कपाळावर हात मारला. "उजव्या हाताने वाढलं की डावी कड झिजते. तुम्ही पन्नासच्या पन्नास डावांची उजवी झिजवलीत. राणीसाहेब काय डावखुऱ्या आहेत?"

"अहो, घरचा डाव बघूनच केलेत," म्हातारा हट्टाने म्हणाला. "हा घ्या. चाळीस वर्षं आमच्या हिने यानेच वाढलंय."

मालकाने पितळी डाव उलटसुलट करून पाहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"मग काका, काकू डावखुऱ्या होत्या का हो?"



म्हाताऱ्याने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं, पण त्याला आठवलं ते फक्त आपलं वाढलेलं ताट.