परीक्षकाचा अभिप्राय

तिसऱ्यांदा नापास झालं तर वर्षभर अर्ज करता येणार नाही, हे सिस्टरला ठाऊक होतं. लायसन्स तपासून झालं होतं, डोळे तपासून झाले होते, आजवर दंड झालेला नाही असा कागदही आला होता. घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा बांधणाऱ्या या नर्सला दवाखान्याची गाडी चालवायला मिळण्याआधी आता रस्त्यावरची परीक्षा तेवढी उरली होती. बसच्या वेळा सांभाळत ती दिवसाला चार घरं करायची. गाडी मिळाली तर आठ झाली असती.

परीक्षा घेणारे, दवाखान्याच्याच वाहतूक विभागाचे साहेब शेजारी बसले आणि त्यांनी हात हँडब्रेकवर ठेवला. सबंध दवाखाना त्यांना पाठीमागे हँडब्रेकच म्हणायचा. चालवणारा कितीही मुरलेला असो, लिहिण्यापुरता सोडला तर साहेबांचा हात तिथून हलत नसे.

पहिल्या खेपेला तिची गाडी चढावर बंद पडली होती, दुसऱ्या खेपेला रिव्हर्स घेताना तिनं खांब पाडला होता. त्यानंतर तीन महिने दर रविवारी लेकीनं तिला रिकाम्या मैदानात गरागरा फिरवलं होतं. आई, आरशात मागचं बघायचं, आपले केस नाही, असं ती दर फेरीला बजावायची.

आज चढ निभावला. बाजाराच्या तोंडाशी एक सायकलवाला आडवा आला, तर तिनं अगदी हलक्या पायानं ब्रेक दाबला. साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि मग त्यांचं पेन थांबलं. आपलं काय चुकलं, या धास्तीनं तिनं पुढची तीन वळणं श्वास रोखून घेतली. सिग्नलला थांबल्यावर हळूच शेजारी बघितलं.

साहेब झोपले होते. मान कलली होती, पेन मांडीवर पडलं होतं.

उठवावं तर साहेब ओशाळणार, आणि ओशाळलेला साहेब कुणाला पास करत नसतो. न उठवावं तर परीक्षा बघणार कोण? हिरवा दिवा लागला. झोपलेल्या रुग्णाला जाग येऊ न देता पट्टी बदलणारी बाई ती. तशीच ती गाडी चालवत राहिली. खड्डे चुकवत आवारात आली आणि दोन रुग्णवाहिकांच्या मधल्या जागेत तिनं गाडी उलटी घातली. गॅरेजचा मिस्त्री पाना हातात धरून बघतच राहिला.

इंजिन बंद झालं तशी साहेबांना जाग आली. त्यांनी दोन्ही बाजूंच्या रुग्णवाहिका बघितल्या, मग मांडीवरचा अर्धा कोरा फॉर्म बघितला. लेकीला बाळ झालंय, घरात तीन रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा नाही, असं ते पुटपुटले.

"मला झोप लागली होती का हो?"

"लागली होती," सिस्टर म्हणाली.

साहेब घोटभर पाणी प्यायले. "मग न बघितलेल्यावर मी सही कशी करू?"

साहेबांनी खिडकीची काच खाली केली, ताठ बसले आणि सबंध फेरी पुन्हा करायला लावली. चढ, बाजार, तिन्ही वळणं. परतल्यावर ते उतरून चार पावलांवर उभे राहिले. मिस्त्रीही येऊन उभा राहिला. गाडी सावकाश मागे सरकत गेली आणि बरोबर मधोमध थांबली. मिस्त्रीनं मान डोलावली.

साहेबांनी बॉनेटवर फॉर्म ठेवून उरलेले रकाने भरले, सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. पास की नापास, हे वाचायचा धीर होईना, म्हणून ती तो तसाच घेऊन गेली. ऑफिसात कारकुनानं शिक्का मारायला घेतला, शेवटच्या ओळीशी थांबला आणि खुदकन हसला. तिनं वाकून बघितलं. परीक्षकाच्या अभिप्रायाच्या रकान्यात साहेब आजवर 'योग्य' एवढाच शब्द लिहीत आले होते. आज तिथे लिहिलं होतं, 'शेजारी बसून बिनघोर झोप लागली.'