आवाज कमी झाला पाहिजे

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल हा, काका," मिस्त्री म्हणाला. पिकअपचं बॉनेट उघडंच टाकून तो हात पुसू लागला. "कार्ब्युरेटर काढायचा, इंजेक्टर बसवायचे, सेन्सर, नवं वायरिंग, आणि वर बाहेरच्या कंपनीचा कॉम्प्युटर. कोंबडीचा हिशेब तुम्हाला मी काय सांगणार?"

अंडेवाले काका हसले नाहीत.

"आवाज कमी होईल का, तेवढं सांग."

"आवाजाला सायलेन्सर असतो की."

"दोनदा बदलला. हळू चालवली की बंद पडते, म्हणून सारखी रेस द्यावी लागते. त्या रेसमध्ये हिचं बोलणं ऐकू येत नाही."

मिस्त्रीला हसू आवरेना. या जोडप्याला कोण ओळखत नव्हतं? रोज सकाळी काका पिकअप भरून अंडी बेकऱ्यांना पोचवायचे. गाडी बैलगाडीच्या चालीने चालायची; अंडी म्हटल्यावर चालणारच. शेजारी बसून काकूंची टकळी अखंड चालू. "अहो, खड्डा. अहो, सायकलवाला. आता डावीकडे. जरा दमानं." स्टेअरिंग काकांच्या हातात असलं तरी गाडी काकूंच्या तोंडावर चालते, असं बेकरीवाले म्हणायचे. पण काका कधी चिडले नाहीत की उलटून बोलले नाहीत.

"ऐकू येत नसेल तर बरंच की," मिस्त्री म्हणाला. "लोक देवाकडे हेच मागतात."

तेव्हा काकू बोलल्या. आवाज कसला, नुसती खरखर होती.

"घशात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, ओरडायचं नाही. आणि रेसमध्ये ओरडल्याशिवाय यांना ऐकू जात नाही."

मिस्त्रीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. गेली त्या सकाळी ती गॅरेजच्या दारातून काहीतरी म्हणाली होती. कॉम्प्रेसर चालू होता, त्याने नुसती मान हलवली. काय म्हणाली ते त्याला अजून माहीत नव्हतं.

तरी जे खरं ते सांगणं भाग होतं. "हे बघा काका, इंजिनात दम आहे, कॉम्प्युटर बसेल. पण जुनं बिघडलं तर मी रस्त्यात चार आटे पिळून चालू करून देतो. हा डबा गेला की गाडी जागेवर उभी. आणि पेट्रोल वाचेल म्हणाल, तर तुमच्या चालीला काय वाचणार? माझं ऐका, नका बसवू. काकूंना घरी आराम करू दे. तुम्ही एकटे जात जा. पंचवीस वर्षं तोच रस्ता आहे."

काकूंनी काकांचा दंड धरला.

"एकट्याने नाही जमायचं," काका म्हणाले. "सवय नाही. तू बसव."

मिस्त्रीने खर्चाचा कागद लिहून पुढे केला. काकांनी तो न बघताच काकूंकडे दिला. काकूंनी ओठ हलवत सगळा वाचला आणि सही कुठे करायची ते काकांचं बोट धरून दाखवलं. इतका मुठीत गेलेला नवरा मिस्त्रीने आजवर पाहिला नव्हता.

कामाला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी तिघं चाचणीला निघाले. काका स्टेअरिंगवर, मध्ये काकू, खिडकीशी मांडीवर लॅपटॉप घेऊन मिस्त्री. दर चौकात तो एखादा आकडा बदलायचा. तिसऱ्या फेरीला इंजिन रेस न देताही सुतासारखं चालू लागलं.

"हे बघा, रेषा कशी सरळ झाली," त्याने लॅपटॉप पुढे केला.

"छान," काका म्हणाले. मान मात्र समोरच होती.

काकू कुजबुजल्यासारख्या बोलत होत्या. "उजवीकडे. अजून थोडं. आता फाटक. थांबा." आणि काकांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. ते एकदम मोठ्याने हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मिस्त्रीने कधी पाहिलं नव्हतं. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं, कारण त्याला रडू येत होतं.

पाच आठवडे गाडी रोज गॅरेजसमोरून गेली. मग दिसेनाशी झाली. काकूंचं ऑपरेशन झालं, असं बेकरीवाल्याकडून कळलं.

महिन्याभराने, भर दुपारी, दोघं चालत आले. काकूंच्या गळ्याला पट्टी होती. काकांचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

"गाडीला गिऱ्हाईक बघ," काका म्हणाले. "घरासमोर उभी आहे, घेऊन ये."

"का? डब्याने त्रास दिला?"

"डबा उत्तम आहे. हिचा आवाज गेला. आतलं सगळंच काढलं, आता परत यायचा नाही."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "फार वाईट झालं, काका. पण गाडी तुम्ही चालवता, काकू नाही. त्यांना बसवा की शेजारी गप्प. अंड्यांचा धंदा सोडून दोघं खाणार काय?"

खिशातून किल्ली काढून काकांनी पुढे धरली. मिस्त्रीने हात पसरला, तर त्यांनी ती हाताच्या वीतभर अलीकडेच सोडली.

किल्ली फरशीवर पडली. काका गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी फरशी चाचपू लागले. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग टेबलाखाली. शटरमधून ऊन थेट आत आलं होतं आणि किल्ली त्यांच्या नाकासमोर लखलखत होती.

काकूंनी सवयीने सांगायला तोंड उघडलं.