स्थानिक तापमान

पुरवठ्याच्या यानातून आलेली पेटी वसुमतीने उघडली, तर आत हीटरऐवजी बारा पंखे निघाले. सोबत कार्यालयाची चिठ्ठी होती: ‘आपल्या अहवालानुसार स्थानिक तापमान आठ हजार अंश. सबब हीटरची मागणी नामंजूर.’

तिचा साथीदार गजेंद्र बोटांना फडकी गुंडाळून बसला होता. त्याने चिठ्ठी वाचली. “आकडा तुम्हीच दिलाय ना, बाई?”

“दिलाय. खराच आहे तो.”

खराच होता. ज्या अवाढव्य ताऱ्याच्या अभ्यासासाठी हे ठाणं बसवलं होतं, त्याच्या किरणांनी आसपासच्या हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावले होते. तो वायू तापलेला होता, पण इतका विरळ, की बोराएवढ्या जागेत जेमतेम शंभरेक कण. त्यावर माणसाचं नखही शेकलं नसतं. जुन्या हीटरने मान टाकल्यापासून ठाण्याच्या भिंतींवर आतून बर्फ धरत होता आणि गजेंद्रच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती.

“उणे चाळीस लिहून टाका की,” तो म्हणाला. “इथवर कोण बघायला येतंय?”

वीस वर्षांत वसुमतीने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. यान परत निघायला तासभर उरला होता. तिने नवा अर्ज पुढे ओढला, ‘स्थानिक तापमान’ हे शब्द खोडले, त्यांच्या वर ‘थंडी’ असं लिहिलं आणि समोरच्या रकान्यात भरलं: ‘मरणाची’.